जमिनीवर पडलेलं मॅगझीन

पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि दापोलीच्या घरात सात महिने बसून काढले. आठव्या महिन्यात मस्कतच्या विमानात होतो. साल दोन हजार तेरा. रुस्ताकच्या वाटेवर, उघड्या डोंगरांच्या पोटात एका खासगी क्लबची पिस्तुल रेंज होती. तिथे मला रेंज स्टाफची नोकरी लागली. राहायला मस्कतमधल्या अल् घुब्रात दोन खोल्यांचा फ्लॅट होता. दुसऱ्या खोलीतला माणूस सुट्टीवर गेला तो परत आला नाही. मी एकटा उरलो.

0430 वाजता उठायचं, नमाज पढायची. 0530 ला क्लबची गाडी. 0700 ला शस्त्रागार उघडून पिस्तुलं मोजून घ्यायची, संध्याकाळी मोजून परत ठेवायची. खोलीवर आलो की खाली मुलं खेळत असायची, आपसात इंग्रजी बोलत. एखादं पोर गॅलरीतल्या आईशी अडखळत मराठी बोलायचं, तेवढं मी खिडकीत उभा राहून ऐकायचो. बायको शुक्रवारी फोन करायची. बावीस वर्षं बराकीत तीस-चाळीस माणसांमध्ये झोपलो होतो. इथे फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. फार एकटं वाटायचं. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो.

क्लबात प्रॅक्टिकल शूटिंग चालायचं. टायमरची बीप वाजली की होल्स्टरमधून पिस्तुल काढायचं, पळायचं, वळायचं, दिसेल त्या टारगेटवर दोन-दोन गोळ्या मारायच्या. गुणांना सेकंदांनी भागायचं, की झाला निकाल. नेम चांगला आणि हात मंद, तर माणूस खालीच राहतो. माझं नेमकं तेच झालं होतं.

विल्सन वसईचा. कुरुमच्या एका ऑफिसात नोकरी, शनिवारी रेंजवर. पिस्तुलाच्या सामानाचं त्याला भयंकर वेड. जन्मात शत्रू पाहिला नाही, पण पट्टा आमच्या कमांडोंच्या वरचढ. सुरुवातीला मी त्याला मनातल्या मनात हसायचो. पण शिकवलं त्यानेच.

"हवालदार, हे मांडीवर लोंबणारं होल्स्टर काढा हो. हात किती खाली जातो बघा. कडक बेल्ट घ्या, होल्स्टर कमरेच्या हाडावर आणा. गोळ्यांचे पाउच पुढे."

ऐकलं. पिस्तुल काढून पहिली गोळी सुटायला मला सव्वादोन सेकंद लागत, ते दीडवर आले. नेम धरायची पुढची साइट बदलली, तिच्यातला लाल ठिपका उन्हातही डोळ्यात भरायचा. ट्रिगर हलका करून पाहिला. दुसऱ्याच दिवशी मनात येण्याआधी एक गोळी वाळूत गेली. मी त्याच दुपारी जुनी स्प्रिंग परत बसवली. बोटाच्या आधी सुटणारं हत्यार मला नको.

सगळं सुधारलं, मॅगझीन, म्हणजे पिस्तुलातली गोळ्यांची पेटी, बदलणं सुधारलं नाही. या खेळात अंगठ्याने कळ दाबायची, रिकामं मॅगझीन जमिनीवर पडू द्यायचं आणि डाव्या हाताने नवं भरायचं. माझा डावा हात आधी रिकामं मॅगझीन धरायचा, खिशात कोंबायचा, मग नव्याकडे जायचा. चार सेकंद. विल्सनला दीड लागायचा.

उपाय म्हणून मी लांब मॅगझिनं मागवली. गोळ्या जास्त, बदलायची पाळीच नको. पण तसली मॅगझिनं वापरणाऱ्यांचा स्पर्धेतला वर्ग वेगळा. तिथे दुर्बीण लावलेली पिस्तुलं घेऊन आलेल्या मंडळींनी माझी पार धूळधाण केली.

विल्सन म्हणाला, "एक रीलोड चुकवायला तुम्ही एवढं सगळं केलंत. काय आहे काय त्यात?"

"सवय," मी म्हणालो.

सालिम क्लबचा मुख्य, ओमानी फौजेतून निवृत्त. माझ्याशी तो हिंदीत बोलायचा. एका गुरुवारी त्याने ऑफिसात बोलावलं.

"परकार, नया कोर्स शुरू होगा. उस्ताद चाहिए. शनिवारको मॅचमें पहले दसमें आओ, कोर्स तुम्हारा, व्हिसा दो साल. नहीं तो अर्बाब बाहरका आदमी लाएगा. खलास." अर्बाब म्हणजे क्लबचा मालक.

"जी."

"मॅगझीन छोडो, परकार. मैं भी फौजी हूँ, मालूम है मुश्किल है. लेकिन छोडो."

मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन वर्षांची नोकरी मला हवीच होती.

सालिमला अर्धंच माहीत होतं. आमच्या फौजेत मॅगझीन नंबराने मिळतं आणि नंबराने कोतात, म्हणजे शस्त्रागारात, परत जातं. एक हरवलं तर चौकशी बसते. मी मात्र तरुणपणी एकदा टाकलं होतं.

उत्तर काश्मीर. अक्रोडांची बाग, पलीकडे गोठा. 1540 वाजता गोठ्यातून फायर आला. मी लान्स नाईक. सेक्शनचा टूआयसी, म्हणजे दोन नंबरचा, नाईक सखाराम घाग, खेड तालुक्यातला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बागेतून मागे पळताना माझं मॅगझीन संपलं. पाउचमध्ये ठेवायला वेळ लागला असता म्हणून मी ते तिथेच टाकून नवं चढवलं. दगडी बांधावरून उडी मारताना पाय मुरगळला. 1555 ला गोठा शांत झाला. दहा मिनिटं काही आवाज नाही. रेडिओवर विचारणा आली.

"टायगर टू, अम्युनिशन रिपोर्ट."

घाग एकेकाचं तपासू लागले. माझ्यापाशी थांबले.

"एक कुठाय?"

"पडलं. त्या दुसऱ्या झाडाखाली. मी आणतो."

"त्या पायाने? बस गप. वीस पावलं तर आहेत."

ते वाकून गेले. मॅगझीन उचललं, वळले. गोठ्यातून एकच फायर झाला. 1608. त्यांना ओढून आणलं तेव्हा मॅगझीन डाव्या मुठीत घट्ट होतं. मी बोटं सोडवून ते काढलं. त्या संध्याकाळी कोतातला हिशेब बरोबर जुळला.

त्यानंतर माझ्या हातून मॅगझीन कधी पडलं नाही. घागांच्या घरी दोनदा गेलो. ते काय आणायला गेले होते हे वहिनींना सांगू शकलो नाही.

शुक्रवारी सालिमच्या परवानगीने दोन रिकामी मॅगझिनं आणि प्लास्टिकचं पिस्तुल खोलीवर आणलं. फरशीवर घोंगडी चौघडी घातली. दुपारी दोनपासून कळ दाबत राहिलो. पहिल्या वीस वेळा डावा हात खाली धावलाच. मग तो हात पाठीमागे पट्ट्यात अडकवला आणि नुसतं पडू दिलं. पडायचं, धप् आवाज व्हायचा, मी वाकून उचलायचो. खोलीत दुसरं कोण होतं उचलायला? साडेपाचला बायकोचा फोन वाजला. घेतला नाही. आवाज फुटला असता तर तिला काय सांगणार होतो?

शनिवारी, 0910. माझी पाळी. सालिमच्या हातात टायमर.

"आर यू रेडी?"

मी मान हलवली.

"स्टँड बाय."

बीप. पहिली चार टारगेटं डावीकडे, मग दहा-बारा पावलं पळत उजवीकडच्या भिंतीआड, आणि वाटेत मॅगझीन बदलणं सक्तीचं. पळता पळता अंगठा कळीवर गेला. डावा हात सरळ पाउचकडे गेला. मागे वाळूत काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. मी थांबलो नाही. उरलेली टारगेटं मारली.

"अनलोड अँड शो क्लिअर."

रिकामं पिस्तुल दाखवलं, होल्स्टरमध्ये ठेवलं.

"रेंज इज क्लिअर," सालिम ओरडला. मग हळूच म्हणाला, "शाबास."

आमच्या खेळात एक रीत आहे. रेंज क्लिअर झाली की नेमबाजाने टाकलेलं मॅगझीन सोबत्यांपैकी कुणीतरी आणून देतं. मी रोज कुणाकुणाचं उचलून देत होतो. माझं कुणाला कधी उचलावं लागलं नव्हतं.

विल्सन पुढे निघाला.

"थांब," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला असावा, कारण सगळे वळून बघू लागले. "जाऊ नको. मी आणतो."

"अहो, क्लिअर झालीय ना रेंज. दहा पावलं तर आहेत."

तो गेला. मी टारगेटांकडे बघत राहिलो. कागदाची टारगेटं, मागे वाळूचा बांध, त्यामागे डोंगर. तो वाकला, मॅगझीन उचललं, वळला. शर्टाला पुसत, तोंडाने फुंकर मारत परत आला.

"घ्या. वाळू गेलीय आत, साफ करून घ्या."

मी ते घेतलं. त्याचा हात सोडला नाही. त्याला काय करावं कळेना, पण त्याने ओढून घेतला नाही.

मी सातवा आलो. कोर्स मिळाला, दोन वर्षांनी आणखी दोन वर्षं मिळाली. त्या दिवशी परतताना गाडीत विल्सनला घागांबद्दल सांगितलं. खोलीवर पोचल्यावर खेडला फोन लावला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, उगाच गेले. तुमच्यासाठी गेले होते होय."

माझ्या तुकडीतला प्रत्येक नवा नेमबाज पहिल्यांदा मॅगझीन टाकतो, तेव्हा ते मीच उचलून आणतो. जाताना पावलं मोजतो. वीस झाली की नाईक सखाराम घागांचं नाव मनात घेतो, आणि परत येतो.