वेणी घालता घालता झालेलं भाषण

आमची सून बोलायला भारी, पण तिच्या हातात कुणाचं तरी डोकं असावं लागतं. पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. हातात केस आले की बाईसाहेबांची गाडी जी सुटते ती थांबत नाही. आणि डोकं नसलं की तोंडात मिठाची गुळणी! "भाजी कशी झालीय?" विचारलं तर "हं." सासू म्हणून माझा किती जीव जातो, विचारू नका.

लहानपणी एका दुकानात हात मारला म्हणून कोर्टाने तिला सुधारगृहात ठेवलं होतं. लग्नाआधीच सांगितलं तिने. मी म्हटलं, झालं ते झालं, पण चारचौघांत बोलायचं नाही.

आणि एक दिवस राज्याच्या सल्लागार समितीतून फोन आला. कोर्टाची पायरी चढलेल्या मुलांसाठी जी कामं चालतात, त्यांच्यावर ही समिती लक्ष ठेवते, सरकारी अनुदान कुणाला द्यावं ते ठरवते. समितीत एक तरी माणूस स्वतः त्यातून गेलेलं हवं, असा नियम. सून "हो" म्हणून मोकळी!

"अगं, गल्लीभर होईल!" मी ओरडले.

"आई, अख्खी गल्ली माझ्यापुढे मान खाली घालून बसते. सगळ्यांचं सगळं मला ठाऊक आहे. माझं एवढंसं त्यांना कळलं तर काय बिघडलं?" माझ्या डोक्याला तेल लावत होती, म्हणून एवढं तरी बोलली.

सभा सगळ्यांना खुली होती. मी जाऊन थेट पहिल्या रांगेत बसले. अनुदान एक आणि मागणारे दोन. सुधारगृहाला भिंत उंच करायची होती. दुसरं होतं फक्त दिवसा चालणारं एक केंद्र. तिथे कोर्टाने पाठवलेली मुलं दिवसभर शिकतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. पैसे मिळाले नाहीत तर केंद्राला टाळं आणि मुलं त्या भिंतीआड. समितीतर्फे केंद्रात चार दिवस जाऊन आलेल्या आमच्या सुनेला केंद्राच्या बाजूने बोलायचं होतं.

ती उठली, माइकपाशी गेली आणि उभीच राहिली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. "बोला ना," म्हणाले. ही ढिम्म! शेवटी मला राहवेना. माझी खुर्ची ओढत तिच्यापुढे नेली, तिच्याकडे पाठ करून बसले आणि अंबाड्याच्या पिना उपसल्या.

"घाल वेणी!"

"अहो आजी, हे काय चाललंय?" अध्यक्ष.

"तुम्ही जरा दम धरा. भाषण आता सुरू होईल."

सभागृह खो खो हसलं. पण तिची बोटं केसांत शिरली आणि पोरगी बोलायला लागली. केंद्रातल्या मुली काय शिकतात, कुठली दांडगट आहे, कुठली आता धाकट्या भावाचा अभ्यास घेते, सगळं. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला आणि ऐकत बसले.

मग त्यांनी विचारलं, "पण संध्याकाळी ज्यांना न्यायलाच कुणी येत नाही, त्यांचं काय?"

बोटं थांबली.

"मला सुधारगृहातून न्यायला कुणी आलं नाही," सून म्हणाली. "वेणी घालायला मी तिथेच शिकले. ज्या मुलींना न्यायला यायचे, त्यांना मी तयार करून द्यायचे."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. इतकं वाईट वाटलं! मान वळवून बघावं तर केस तिच्या मुठीत.

"लिहून घ्या," मी समोर बघूनच म्हटलं. "ज्यांना कुणी नाही त्यांना न्यायला मी येईन. घरची माणसं सापडेपर्यंत राहतील आमच्याकडे. मुलाला मी सांगते, तो माझ्या शब्दाबाहेर नाही."

अनुदान केंद्राला मिळालं. आमच्या घराची रीतसर तपासणी झाली, कागदांवर सह्या झाल्या, आणि एका संध्याकाळी मी केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. दोन पोरी दप्तरं घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग आमची सून.

"तू गं कशाला आलीस? पार्लर उघडं टाकून?"

त्या वेळी तिच्या हातात कुणाचंही डोकं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मलाही न्या."