गालापाशी धरलेला मीटर

इंदापूरच्या त्या फोटोवाल्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. रंगीत रोलचे दिवस होते. माणूस हसायला महाग, बोलणं निम्मं मिशीतच राहायचं. उजेड मोजायचा मीटर मात्र ते प्रत्येकाच्या गालापाशी धरायचे आणि ताप बघावा तसे वाकून त्यावरचा काटा वाचायचे.

माझी थोरली बहीण गोरीपान, मी काळी. दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंत ती छान यायची, माझे नुसते डोळे अन् दात. लोक विचारायचे, "सख्ख्या हायत का?"

तिच्या लग्नाआधी दोघींचा फोटो काढायला गेलो. आईनं मला पावडर थापली होती. म्हणाली, "हिला जरा उजळ काढा."

"उजळ काढली तर फोटोत नाक पुसलं जाईल, वैनी. पोरी, तोंड धुऊन ये."

मग त्यांनी मला खिडकीशी बसवलं, ताईला उजेडापासून आत सरकवलं. मीटर माझ्या गालाशी, मग तिच्या. तिला अजून थोडं सरकवलं. "आता दोघी हायत."

फोटो आला. आई बघतच राहिली. "अगं, नाक एकच हाय की दोघींचं!"

ताई सासरी गेली. आठवण आली की मी आरशात नाक बघते, आणि त्या फोटोवाल्यांचं भलं चिंतते.