हाक न मारणारे

१२ फेब्रुवारी. बेटावर सात माणसे.

वादळ ओसरून दोन दिवस उलटले, तरी बेटावरच्या हवामान केंद्राकडून अवाक्षर आले नव्हते. त्या सातांत एक तिचा धाकटा भाऊ. ती चष्म्याच्या काचा घासून देणारी. दुकानामागच्या खोलीत घासणीच्या यंत्राला खेटूनच तिचा रेडिओ होता. हौशी रेडिओचे वेड भावाला तिनेच लावले आणि आपला जुना संच त्याच्याबरोबर बेटावर धाडला. जगभरच्या लोकांना ओ देते, घरातल्या हाकेला देत नाही, असे आई एरवी ऐकवी. गेले दोन दिवस मात्र आईनेच स्टूल ओढून त्या खोलीत ठाण मांडले होते.

दुपारी खरखरीच्या तळाशी मोर्सची टिकटिक उमटली. शब्द तुटत होते, पण हात भावाचाच: घाईत असला की तो दोन शब्दांमधली जागा खाऊन टाकी. केंद्राचे संकेतनाव कळले, 'बॅटरी' कळले, 'सात' कळले. पुढचे विरून गेले. तिने उलट हाक दिली, ती त्याला पोहोचली नाही.

"सात काय म्हणाला?" आईने विचारले.

"तेवढंच तर कळलं नाही."

आता प्रश्न यादीचा होता. दूरचे केंद्र ऐकू आले की ते कोणत्या फ्रीक्वेन्सीवर आहे हे संगणकावरच्या सामायिक यादीत लगेच टाकायचे, हा हौशी रेडिओवाल्यांचा रिवाज. ती नोंद त्याच क्षणी जगभर दिसते. त्यामुळे एकाचा कान सर्वांचा होतो, आणि केंद्र दुर्मीळ असेल तर सर्वांची तोंडेही एकाच जागी उघडतात. भाऊ सुट्टीच्या दिवशी संच लावी तेव्हा हाकांच्या गलक्यात तोच बुडून जाई.

तिने काकांना फोन लावला. हे निवृत्त ट्रामचालक तिचे मोर्सचे गुरू. त्या बेटाशी एकदा तरी बोलणे व्हावे म्हणून वर्षानुवर्षे टपून बसलेले. "टाकू नकोस," ते म्हणाले. "टोळधाड येईल. आमची जात मी ओळखून आहे." चार भरवशाच्या माणसांना गुपचूप कळवावे, असे त्यांचे मत पडले. त्यात तथ्य होते. पण या घटकेला बेटाचा आवाज पृथ्वीच्या कोणत्या कोपऱ्यात स्वच्छ उतरत असेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि भरवशाची माणसे नेमकी त्याच कोपऱ्यात राहतात असे नाही. अनोळख्यांवर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"टाकते, काका. तुम्ही गप्प बसाल ना?"

"माझं काय घेऊन बसलीस? बाकीच्यांचं बघ."

तिने लिहिले: 'आवाज क्षीण. बॅटरी संपत आली. माणसे संकटात. हाक मारू नका, फक्त ऐका.'

क्षणात झुंबड उडाली. हाका एकमेकींवर चढल्या आणि भाऊ ऐकू येईनासा झाला. आपणच त्याचे तोंड दाबले, असे तिला वाटले. मग एक हाक थांबली. दुसरी थांबली. यादीत तिचीच ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली. कोण कुठले लोक ती पुढे सरकवत होते. एकटाच कोणी बराच वेळ रेटत राहिला, शेवटी तोही वरमला. खरखर उरली, आणि तिच्या तळाशी तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडणारा भाऊ.

तिला तो अजून तुटकच येत होता. पृथ्वीच्या पार पलीकडे एका शाळामास्तरांना मात्र तो स्वच्छ येत होता. मास्तर एकेक ओळ यादीत टाकीत, ती आईसाठी मोठ्याने वाची. छप्पर गेले. सातही जिवंत. पाणी संपत आले, बोट पाठवा. पुढची ओळ वाचायला नको होती, पण ती तोंडातून निसटून गेली: 'माझा पाय मोडला. आईला सांगू नये.'

आईने डोळे कोरडे केले. "नाही हो, मला कुणी काही सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू फुटले. हवामान खात्याच्या कार्यालयाला फोन लावताना लेकीच्या लक्षात आले, की दोन दिवसांनी आपला जीव भांड्यात पडला आहे.

बोट गेली. सातही जण परतले. मास्तरांना आभाराचे पत्र पोहोचले. जे गप्प राहिले त्यांची नोंद यादीत नाही. जो बोललाच नाही त्याची नोंद होत नसते. त्यांचे देणे बाकी आहे.