वच्छीआत्या आणि आगीचा डोंगर

१० फेब्रुवारी १९९५. सकाळपासून मी ज्वारीचे धपाटे थापत होते. मद्रासहून पोर्ट ब्लेअरला जहाजाने तीन दिवस लागतात, आणि जहाजावरचा भात आपल्या पोटाला चालेल की नाही याची खात्री नव्हती. चुलीपाशी वच्छीआत्या बसली होती. धपाटा उलटायचं काम तिचं. पण तव्याकडे लक्ष कमी आणि ओसरीवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांकडे जास्त. ते तिचे थोरले भाऊ.

"वच्छे, काळ्या पान्यावर चोर-डाकू जात होते," सासरे म्हणाले. "तू कोनाचा खून केला वं?"

"अजून नाई केला दादा. तू लय बोलला तर करन."

धपाटा करपला. तो तिने स्वतःच्या ताटलीत टाकला आणि दुसरा तव्यावर घातला.

वच्छीआत्या साठीला आलेली, विधवा, आमच्या जैनथ गावच्या रस्त्याला चार एकर कापूस एकटीने करणारी. तिची एक सवय साऱ्या गावाला माहीत होती. कापूस वेचताना प्रत्येक बाईच्या वाट्याला ओळींची एक पात येते. दुपारी जेवायची हाक आली की बाकीच्या बाया होत्या तिथे कापसाची ओटी सोडून झाडाखाली जायच्या. आत्या पात टोकाला नेल्याशिवाय भाकरीला हात लावायची नाही. "अर्ध्या पातीतून उठलं की जेवन गोड लागत नाई," म्हणायची. एकदा तापाने फणफणलेली असताना तिने पात पुरी केली, मग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आडवी झाली, आणि आम्हाला म्हणाली, "आता न्या मले घरी."

अंदमानचं वेड तिला माझ्यामुळे लागलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. एका संध्याकाळी मुलाचा भूगोल घेताना मी म्हणाले की आपली काळी माती म्हणजे फार जुन्या काळी जमिनीतून वर आलेली आग; ती थंड होऊन दगड झाला, दगड झिजून माती झाली. आत्या दारात भाजी निवडत होती.

"कोनं पाह्यली ती आग?"

"कोणीच नाही. फार जुनी गोष्ट आहे."

"मंग तुले कसं मालूम?"

पुढे संक्रांतीला तिचा जावई आला. तो पोर्ट ब्लेअरला नोकरीला, आत्याची लेकही तिथेच. तो सहज बोलून गेला की तिथून बोटीने रातभर गेलं की एक बेट लागतं, नुसता आग ओकणारा डोंगर, आणि सध्या तो पेटलेला आहे. आत्याने विचारलं, "त्या आगीची माती होते काय?" जावई हसला. सासरे त्याच्याहून मोठ्याने हसले. म्हणाले, "मास्तरीन सांगते अन् ही आयकते!" आत्या हसली नाही. "मी जाऊन पाहातो," म्हणाली. आता ते न पाहता परत आली असती, तर सासऱ्यांनी तिला जन्मभर ऐकवलं असतं. आणि मलाही. सोबतीला कोणी तरी हवं होतं, माझी रजा शिल्लक होती, म्हणून मी निघाले.

पोर्ट ब्लेअरला पोचलो. तिथली सहल तिने वावरात काम करावं तशी केली. जुन्या तुरुंगात बाकीचे दोन कोठड्या पाहून सावलीत बसले. हिने एका ओळीतल्या सगळ्या कोठड्यांच्या दारांना हात लावला. समुद्राच्या काठी लोक फोटो काढत होते. ही लुगडं खोचून वाळूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी दाखवतात, तिथे होडीवाल्याला म्हणाली, "उस कोने में नै दिखाया." त्याने मुकाट्याने होडी वळवली.

मग तो दिवस आला. जावयाच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून एक बोट ठरवली होती. संध्याकाळी निघालो. पहाटे बेट दिसलं: काळाकभिन्न डोंगर, वर धुराचा लोट. घर नाही, माणूस नाही. पण समुद्र खवळला होता. बोट अशी हलत होती की एकेक जण कठड्याला लटकला. मीही. आम्हाला धूर दिसत होता, काळा दगड दिसत होता, आग मात्र डोंगराच्या पलीकडल्या अंगाला होती. बोटीचा सारंग म्हणाला, लोक आजारी पडलेत, मी इथूनच वळवतो.

आत्या त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भैया, आधा चक्कर मारके वापस जाने कू मैं इत्ता दूर नै आयी."

"माँजी, सब लोग बोलेंगे तो घुमाता हूँ."

"सब बोलतेच अब्बी."

तिने ओटीतून आवळासुपारी काढली आणि एकेकापाशी गेली. "तोंडात धर. खाली पाहू नको. वावरात पायापाशी पाह्यचं असते, इथं दूर पाह्यचं. कापसानं भरलेल्या गाडीवर बसलं की असंच हालते, त्यानं कोनी मेलं काय?" आमच्याशिवाय मराठी कोणाला कळत नव्हती, पण तिचा हात पाठीवर पडला की माणूस सरळ व्हायचा. एक बंगाली बाई उठली. मग तिचा नवरा. मग जावई, सासूपुढे पडून राहायची लाज वाटून. सारंगाकडे पाहून होकाराच्या माना हलू लागल्या.

शेवटची मी. मी डोळे मिटून बसले होते.

"शोभे, काऊन वं, पोट धरून बसली?"

"आत्या, मला होत नाही. परत जाऊ द्या."

"पोराहिले आगीची माती शिकवते ना तू? मंग पाहून घे. का फुकटच सांगून राह्यली?"

मी आवळा तोंडात घेतला आणि उठले. सारंगाने हसून चाक फिरवलं.

डोंगराला वळसा घातला आणि सारे कठड्याशी आले. उतारावरून लाल ओहोळ सावकाश खाली येत होता. मध्ये लालभडक, कडेला मात्र काळा पडत चाललेला, आमच्या डोळ्यांदेखत. जिथे तो समुद्रात शिरत होता तिथे पांढऱ्या वाफेचा डोंगर उठला होता. तिथे पाणी आणि आग भांडत होती, आणि जमीन तयार होत होती.

आत्याने कठडा धरला होता. मग एकदम टाळी वाजवली.

"पोरी, खरं सांगत होती वं तू! हे तर आपल्या मातीचं माहेर हाय!"

बंगाली बाईनेही टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. सारंगाने भोंगा दिला, आणि कोणी न सांगता बेटाला आणखी एक पूर्ण फेरी मारली.

जैनथला परतल्यावर सासऱ्यांनी ओसरीवरून विचारलं, "पाह्यली काय आग?" आत्या म्हणाली, "दादा, तू जिच्यावर बसला हायेस न, तिची माय पाहून आलो." त्यानंतर काळ्या पाण्याचा विषय घरात निघाला नाही. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेली त्या हंगामातही तिच्या वावरात एकही पात अर्धी नव्हती. मी स्वतः जाऊन पाहिलं.

पण मला तिची आठवण येते ती त्या बोटीच्या दिवशीची. संध्याकाळी पोर्ट ब्लेअरला उतरलो तेव्हा सगळ्यांना फक्त अंथरूण दिसत होतं. जेवताना आत्या म्हणाली, "एक ठिकान राह्यलं. जमिनीतून थंडा चिखल उसळते म्हने, तिथं." जावयाने हात जोडले. लेक म्हणाली, "आई, आता पुरे, उद्या झोपू दे सगळ्यांना." आत्या पहिल्यांदाच हट्ट न धरता आडवी झाली. दमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठले. उरलेले धपाटे फडक्यात बांधले, लुगडं खोचलं आणि तिचा खांदा हलवला.

"उठा आत्या. चिखलाचा डोंगर राह्यला आपला."