गप बसायचा पटका

कसबा बावड्यातल्या पिराजीकडं वरातीची घोडी होती, पण बोलायचा तो आज्ज्याच्या घोड्याबद्दलच. आज्जा आकाराम एका इनामदाराचा मोतद्दार, घोडी राखणारा. इनामदारासाठी अरबस्तानातून सुलतान नावाचा घोडा आणताना गलबत फुटलं, आज्जा घोड्याची शेपटी धरून मुंबईच्या काठाला लागला, पाय मात्र खडकावर मोडला. मग लंगड्या आज्ज्याला पाठीवर घेऊन सुलताननं कोल्हापूर गाठलं. म्हणून दसऱ्याच्या मिरवणुकीत मानाचा पटका या घराला. तो डोक्यावर चढला की पिराजी कुणाच्या बापाला भीत नसे.

यंदा त्याला हौस सुचली. घरातला सुलतानचा काडेपेटीएवढा फोटो त्यानं तालमीला दिला आणि चौकात दुमजली डिजिटल बोर्ड लागला. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला बिचाऱ्यानं.

शाहूपुरीतला विजयसिंह, घोड्यांचा व्यापारी, बोर्डाखाली थांबला आणि पोट धरून हसला. "पावणं, कान बघा की! टोकाला टोक चिकटलंय. अरबी घोड्याचं कान असं जुळत्यात व्हय? काठेवाडी हाय ह्यो!"

चौक खिदळला. पिराजी तडक घरी आला. आकारामची लेक, नव्वदीची बयाबाई, दारात बसली होती.

"आत्ती, सुलतान अरबी हुता न्हवं?"

"अरबी गलबतावरच मेला. समुद्रात टाकला त्येला," म्हातारी म्हणाली. "आबानं भ्यानं मुंबईतनं काठेवाडी आणला. इनामदारानं कान बघितलं आणि पाय मोडस्तवर मारलं आबाला. पर अरबी येणार म्हणून इनामदार गावभर सांगून बसलावता. मग त्यानंच ही गोष्ट रचली, आबाला पटका बांधला. त्यो मानाचा न्हाय, गप बसायचा हाय."

"मग आजवर बोलली न्हाईस का?"

"पटका बांधला की तू कसा हसायचास, लेकरा."

दसऱ्याला पिराजीनं तालमीच्या अध्यक्षाला, अमरसिंहाला, सगळं सांगितलं. "आज माईकवर खरं बोलतो. आज्ज्याला मारलंय ओ त्यांनी."

"दादा, पावणं आल्यात, बोर्ड लागलाय. तालमीची अब्रू घालवता व्हय?" अमरसिंहानं हसत हसत पिराजीच्या डोक्यावरचा पटका आवळला. "बावड्यात वरातीला कुणाची घोडी न्ह्यायची, ते आमीच ठरीवतो. अरबीच म्हणायचं."

पिराजीनं माईक घेतला. समुद्र सांगितला, शेपटी सांगितली. खडकावर आज्ज्याचा पाय मोडला, म्हणताना त्याचा आवाज चिरकला. लोकांना वाटलं, अभिमानानं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पिराजीला स्वतःची किळस आली. पटका त्यानं काढला नाही.