अण्णांच्या कवळीची गादी

माझ्या वडिलांची कवळी मी ब्लीचिंग पावडरमध्ये भिजत घातली, ती पूर्ण शास्त्रीय विचार करून. (मी शाळेत विज्ञान शिकवत असे. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं.)

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, दातांचे एक नवे डॉक्टरही आले. पाणी तेवढं आलं नाही. आठवड्यातून एकदा टँकर. त्यातच माझ्या धाकट्या बहिणीची, शकूची, सोयरीक ठरायची होती. भोकरचे पाहुणे रविवारी बोलणीला येणार, आणि आईला धास्ती होती ती अण्णांची. त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. थोरलीच्या वेळी पाहुणे म्हणाले होते, पाचशे माणूस आणू, तर अण्णा म्हणाले, "पाचशेच? आणा की हजार!"

"औंदा हजार आले तर त्यांना पाजावं काय?" आई दिवसातून चारदा विचारी.

बोलणीत नीट बोलता यावं म्हणून अण्णांनी सैल झालेल्या कवळीला आतून मऊ गुलाबी अस्तर लावून घेतलं होतं. ते त्याला गादी म्हणत. "लई आराम हाय. हिरड्या लोळून राहिल्यात," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज साध्या पाण्याखाली बोटानं धुवा, बाकी काही लावू नका.

रोज तांब्याभर पाणी दातांवर? मला ते पटेना. नगरपालिकेनं टाकीत टाकायला दिलेली पावडर घरात होती. टाकी शुद्ध होते, तर दात का होऊ नयेत? शनिवारी संध्याकाळी मी वाटीभर पाण्यात दोन चमचे पावडर कालवली आणि कवळी बुडवून ठेवली. (चिमूट पुरली असती. पण पाहुणे मोठे होते.)

सकाळी दात चकाकत होते. गादी मात्र पांढरीफटक पडलेली, आणि दाबून पाहिली तर शिळ्या भाकरीसारखी कडक. वास घालवायला पाच तांबे पाणी लागलं, मी वाचवलेलं एक धरून.

अण्णांनी कवळी बसवली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मास्तर, काय केलंस रे?"

"स्वच्छ केली."

"हिरड्या सोलून निघाल्या की."

काढावी तर गाल आत जात होते, आणि पाहुणे तर दारात. अण्णांनी ओठ मिटले ते मिटलेच. मला शरमेनं वर बघवेना. सोयरीक मोडली असती तर शकूला काय तोंड दाखवणार होतो?

मुलाचे मामा बोलायला बसले. "अण्णा, आमचं माणूस पाचशे यील."

अण्णा गप्प. कपाळाला आठी.

मामा चपापले. "बरं, तीनशे."

अण्णांनी डोळे मिटले.

"दुष्काळ हाय, आमाला बी कळतंय. दोनशे करू."

अण्णांच्या गालावरून पाणी ओघळलं.

"आसं मनाला लावून घिऊ नका. शंभर. आन् पान्याचा टँकर आमीच भोकरहून आनतो."

एवढा मोठेपणा पाहून अण्णांना राहवेना. 'आणा की हजार' त्यांच्या गळ्यापर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, कळवळले आणि पुन्हा मिटलं.

"ऐंशी," मामा घाईनं म्हणाले.

आईनं तेवढ्यात सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

जाताना मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचे वडील लई करारी माणूस हाय. येक शबूद वाया घालवत न्हाईत." दुसऱ्या दिवशी कवळी पाहून डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही शाळेत काय शिकवता?" मी म्हणालो, "इतिहास."

अण्णांचा स्वभाव माझ्यात पुरता उतरला, आणि दात तर माझेही गेले, कवळीला तशीच गादीही बसली. परवा नातीच्या बोलणीला पाहुणे यायचे होते. मी नवा सदरा घालून बाहेर आलो, तर बायको वाटीत पाणी घेऊन उभी. शेजारी पावडरचा डबा.

"आणा ती कवळी इकडं," ती म्हणाली, "भिजत घालते."