राजूरच्या बूथवर आलेला फोन

अंगारकीला मी चालत राजूरच्या गणपतीला जाईन, हा नवस आई मला न विचारताच बोलली होती. भूजलाच्या हालचालीचं गणित संगणकावर मांडून मी पीएच.डी. केली होती. पुढे पोस्टडॉक, म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली दोन-तीन वर्षांचं पगारी संशोधन, मिळावं म्हणून जालन्याच्या इंटरनेट कॅफेतून सगळीकडे ई-मेल पाठवत होतो. नकारच येत होते. गणपतीचा या कामाशी काय संबंध, असं मला खरंच वाटायचं. अखेर जर्मनीतल्या एका प्राध्यापकांनी फोनवर मुलाखत ठरवली, ती नेमकी अंगारकीच्या संध्याकाळी. हेही हुकलं तर संशोधन सोडून शिकवण्या घ्यायच्या, असं मी ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत परत येऊ म्हणून आईचं मन मोडलं नाही.

घरी फोन नव्हता. शेजारच्या चाचांचा, उर्दू शाळेतल्या निवृत्त मास्तरांचा, नंबर मी दिला होता. राजूरला ऊन उतरलं तरी दर्शनाची रांग हलेना. शेवटी रांग सोडली आणि जीपने निघतोय एवढं सांगायला एका एसटीडी बूथवरून चाचांना फोन लावला. ते ओरडलेच, "अरे, किदर है तू? साबका फोन आके गया!" वेळ तिकडच्या घड्याळाची ठरली होती; मार्च संपताना तिकडे अख्खा देश घड्याळं तासभर पुढे करतो, म्हणजे फोन आपल्याकडे तासभर आधीच येणार, हे आमच्या डोक्यात कुठून येणार? एवढी समीकरणं सोडवणारा मी एका तासाला चुकलो! चाचांनी मात्र साहेबांना थोड्या वेळाने पुन्हा फोन करायला सांगून ठेवलं होतं. "वहाँ का नंबर दे, जल्दी. वो मेरेकू पूछेंगे, मैं बता देता."

नंबर दिला खरा, पण बूथबाहेर ही गर्दी. येणाऱ्या फोनचं बूथवाल्याला काही मिळत नाही, आणि तोवर लाइन मोकळी ठेवायची. मी सगळं सांगितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात पुढच्याच नंबरावर उभी असलेली बाई म्हणाली, "माझी लेक शहागडला बाळंतपणात अडलीय. तिचीच खबर घ्यायची व्हती. पन तुमचा फोन पुन्ना येनार न्हाई. येऊ द्या आधी."

"तुम्ही बोला, मावशी."

"मंग तुमचा कसा लागंल? बसा गुमान."

बूथवाल्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. माझी मान खाली गेली.

फोन आला. मागे मोरयाचा गजर चालूच होता. एका कानात बोट घालून मी उत्तरं दिली, जे येत नव्हतं ते येत नाही म्हणालो. कळवतो, एवढंच ते बोलले. मी रिसीव्हर बाईच्या हातात दिला. तिने नंबर फिरवला, पण तो लागत नव्हता. ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. माझ्याच्याने तिथे उभं राहवेना. मी दर्शनाच्या रांगेत शिरलो.

मूर्तीसमोर आलो तेव्हा तोंडून निघालं, "देवा, तिच्या लेकीला सुखरूप सोडव." मागचा माणूस ढकलत होता. पुढे सरकल्यावर लक्षात आलं, नोकरीचं सांगायचं राहूनच गेलं.

बाहेर आलो तोवर बाई निघून गेली होती. पुढे नोकरी मिळाली, आईने पेढे वाटले. चाचांनी, त्या बाईने की गजाननाने दिली, याचं गणित मी मांडलं नाही. तिघांचाही मी ऋणी आहे. त्या लेकीचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही. अजूनही हात जोडले की आधी तीच आठवते, आणि माझं मागणं मी गजाननावर सोडून देतो.